पडद्यावरचा बेडूक आणि तुटलेला फोन

बी.फार्मसीच्या चौथ्या सत्रात बेडकाच्या अन्ननलिकेचा एक प्रयोग असतो. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सतत एकाच दिशेने वल्ही मारत असतात, त्यामुळे त्यांच्यावर ठेवलेली हलकी वस्तू हळूहळू पुढे सरकते. त्यावर खसखशीचा एक दाणा ठेवायचा आणि ठरलेलं अंतर कापायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. मग अॅसिटिलकोलीनचे थेंब सोडले की दाणा पळू लागतो आणि अॅट्रोपीन सोडलं की रेंगाळतो. शरीरातल्या एका अख्ख्या चेतासंस्थेचा धडा त्या एका दाण्याच्या चालीत दिसतो.

पूर्वी यासाठी खरा बेडूक लागायचा. आता हा प्रयोग पुण्यात करा की लोणखेड्यात, बेडूक पडद्यावर असतो. २०१७ पासून लागू झालेल्या बी.फार्मसीच्या देशव्यापी अभ्यासक्रमात औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांखाली फार्मसी कौन्सिलची सूचनाच आहे की प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि चित्रफितींच्या मदतीने दाखवावेत. पाँडिचेरीच्या जिपमेर संस्थेत तयार झालेलं ‘एक्स-फार्म’ हे असंच एक सॉफ्टवेअर. सशाच्या डोळ्यात थेंब टाकला की बाहुली लहान होते की मोठी, हे त्यात माउसच्या एका टिचकीवर दिसतं. ससा खुशाल असतो आणि विद्यार्थी तोच थेंब वीस वेळा टाकून पाहू शकतो.

लोणखेडा हे शहाद्याला खेटून असलेलं गाव. पी. के. अण्णा पाटील यांनी उभ्या केलेल्या पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळामुळे इथे शिक्षणाचा मोठा पसारा झाला, आणि फार्मसीचं शिक्षणही त्याचाच भाग आहे. ऊस-केळीच्या सपाटीतली गुजर घरांतली मुलं आणि सातपुड्याच्या डोंगरातली पावरा-भिल्ल घरांतली मुलं या भागातल्या वर्गांत शेजारी बसतात. घरी कोणी गुजरी बोलतं, कोणी अहिराणी, कोणी पावरी, कोणी भिली. हे मी रंग भरायला सांगत नाही. पुढे ज्या तालमीबद्दल लिहायचं आहे, तिच्यात या भाषांना काम आहे.

आधी सरावाचा इतिहास थोडक्यात पाहू. रुग्णावर हात टाकण्याआधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवावा, ही कल्पना संगणकाच्या फार आधीची. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय सगळा याच विषयाला वाहिलेला आहे. छेद घ्यायचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदन करावं. शीर उघडण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा. मलमपट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा घ्यावा. कितीही शास्त्र वाचलं असलं, तरी असा सराव न केलेला माणूस कामाला नालायक, असा त्याचा निर्वाळा आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या मादाम द्यु कुद्रे या सुईणीने कापडाचं गर्भाशय आणि कापडाचं बाळ शिवलं, आणि १७५९ मध्ये राजाचा हुकूम घेऊन ती गावोगाव सुइणींना शिकवत फिरली. १९६० मध्ये नॉर्वेतल्या ऑस्मुंड लेरडाल या खेळण्यांच्या कारखानदाराने तोंडाने श्वास देण्याचा सराव करायला ‘रेससी अॅन’ नावाची बाहुली काढली. तीच बाहुली आज आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत काचेच्या कपाटात ठेवलेली दिसते. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

या सगळ्या सरावांत एक गोष्ट सारखी आहे: एक हात आणि एक वस्तू. कोहळा असो, बाहुली असो की पडद्यावरचा बेडूक, शिकणारा एकटाच असतो. प्रत्यक्षात माणसं मरतात ती बऱ्याचदा हाताला कौशल्य नव्हतं म्हणून नव्हे, तर एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला कळलं नाही म्हणून. वैद्यकाला हे विमानवाल्यांनी शिकवलं, आणि त्यांनी ते फार महागात शिकून घेतलं होतं.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुकं होतं. केएलएमचं जम्बो विमान उड्डाणाची परवानगी मिळण्याआधीच धावपट्टीवर सुटलं आणि त्याच पट्टीवर असलेल्या पॅन अॅमच्या जम्बोवर आदळलं. ५८३ माणसं गेली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, पुढचं विमान अजून पट्टीवरच असेल तर? त्याने ती बोलूनही दाखवली होती. कॅप्टनने ती झटकली आणि इंजिनिअर गप्प बसला. कॅप्टन साधासुधा नव्हता, कंपनीचा प्रशिक्षण विभागाचा प्रमुख होता. त्याच्यापुढे दुसऱ्यांदा कोण बोलणार?

या अपघातातून धडा घेतला गेला तो असा: हाताखालच्याला बोलायला शिकवा आणि वरच्याला ऐकायला. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून वैमानिकांच्या अशा प्रशिक्षणाची सुरुवात मानतात. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी १९८६ पासून शस्त्रक्रियागृहाचं कृत्रिम वातावरण उभं करायला सुरुवात केली आणि १९९०च्या सुमारास विमानातला हा धडा भूलतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात आणला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादीचा बोलबाला झाला, तिच्या कामाचं नेतृत्व सर्जन अतुल गवांदे यांनी केलं. त्यांचे वडील आत्माराम गवांदे हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या यादीच्या अभ्यासात जगातल्या आठ शहरांतली रुग्णालयं होती, दिल्लीतलंही एक होतं. यादी वापरात आल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. या यादीत एक साधं कलम आहे: छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेला माणूस नंतरही तोंड उघडतो, हा त्यामागचा हिशेब.

टेनेरिफच्या कहाणीतली दुसरी एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. तो कॅप्टन वर्षानुवर्षं सिम्युलेटरवर इतरांना शिकवत होता. सिम्युलेटरमध्ये नियंत्रण कक्ष नसतो. शिक्षकच कक्षाची भूमिका करतो आणि उड्डाणाची परवानगीही तोच देऊन टाकतो. तिथे थांबावं लागत नाही, रेडिओवर खरखर होत नाही, दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळून पुसलं जात नाही. परवानगीची वाट पाहण्याची सवयच त्यामुळे सैल झाली असावी, असं या अपघाताच्या चिकित्सेत नोंदलं गेलं. म्हणजे सराव कमी पडला नव्हता. ज्या सरावातून दुसरा माणूस वगळलेला होता, तोच अंगवळणी पडला होता.

आता नंदुरबारकडे येऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी. शहाद्याहून म्हसावद ओलांडून धडगावच्या घाटाला लागलं की मोबाइलच्या रेघा एकेक करून गळू लागतात. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांना बोटीतून दवाखाना जातो. डोंगरातल्या पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. इथे आरोग्याचं पथक एका खोलीत कधीच नसतं. पाड्यावर आशाताई, उपकेंद्रात सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आणि औषध निर्माण अधिकारी, रस्त्यात १०८ची गाडी, पुढे धडगावचं ग्रामीण रुग्णालय, आणि सगळ्यात खाली नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय. २०२०पासून त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड आहे. या सगळ्यांना जोडणारी तार म्हणजे फोन. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीने त्याच तारेवर व्हिडिओही चढवला: उपकेंद्रातला अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो.

थोडक्यात, शहरातली रुग्णालयं ज्याला दूरस्थ सहकार्य म्हणतात, ती नंदुरबारची रोजची रीत आहे. आणि या रीतीचा सराव कोणीच कोणाबरोबर करत नाही.

कारण सरळ आहे. डॉक्टरचं शिक्षण राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनी चालतं, नर्सचं नर्सिंग कौन्सिलच्या, फार्मासिस्टचं फार्मसी कौन्सिलच्या. परिषदा वेगळ्या, परीक्षा वेगळ्या, गावंही वेगळी. तिन्ही पात्रांनी आपापल्या घरी आपापले संवाद पाठ करायचे आणि थेट पहिल्या प्रयोगाला रंगमंचावर भेटायचं, असं नाटक कोणी बसवेल का? आरोग्यसेवेत आपण ते बिनदिक्कत बसवतो.

दूर बसून शिकवता येतं का, या शंकेचं उत्तर बोट्सवानातून आलं. टोरांटोच्या सर्जनांनी तिथल्या सर्जनांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची मूळ कौशल्यं वेबकॅम आणि स्काइपवरून शिकवली. दोन्हीकडे सरावाची सारखीच पेटी होती. असा दूरचा शिक्षक लाभलेल्या गटातले सगळे चाचणीत उत्तीर्ण झाले. तीच पेटी घेऊन एकट्याने सराव करणाऱ्यांपैकी निम्मेही झाले नाहीत. २०१०च्या या अभ्यासातले सर्जन मोजकेच होते, पण अडाखा पक्का बसला: पेटीइतकाच पेटीवर नजर ठेवणारा माणूस मोलाचा, आणि तो हजारो किलोमीटर दूर असला तरी चालतो.

एकदाच शिकवून भागतं का? भागत नाही. टांझानियातल्या हायडम या खेड्यातल्या रुग्णालयात जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. बाहुलीवर सगळे छान करू लागले. खऱ्या बाळांच्या बाबतीत काही बदललं नाही. मग त्यांनी बाहुली प्रसूतिकक्षातच ठेवली आणि येता-जाता काही मिनिटांचा सराव नेमाने सुरू केला. पहिल्या चोवीस तासांतले बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. आपल्याकडच्या प्रशिक्षणांची तऱ्हा आठवा: तालुक्याला किंवा जिल्ह्याला हॉल, बॅनर, दीपप्रज्वलन, जेवण, प्रमाणपत्र. हायडमचा पहिला भाग आपण इमानेइतबारे पार पाडतो.

तर मग सातपुड्यासाठी तालीम कशी असावी? प्रसंग एकच घेऊ, पण पूर्ण घेऊ: बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. नेहमीच्या बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं की धोक्याची घंटा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह या मोठ्या चाचणीत आफ्रिकेतल्या चार देशांची ८० रुग्णालयं होती. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त अंदाजाने न ठरवता मोजायचं आणि मर्यादा ओलांडताच गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकाच दमात सुरू करायचं, अशी पद्धत होती. तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. औषधं नवी नव्हती. फक्त एकामागून एक वाट पाहत न देता ती एकत्र दिली गेली, आणि कर्मचाऱ्यांनी तो सराव करून घेतला होता.

उपकेंद्रातली तालीम अशी. टेबलावर उशी. मोज्यात कापड कोंबून केलेलं गर्भाशय. मऊ असेल तर रक्तस्राव चालू, दाबून घट्ट केलं तर थांबला. कुंकू कालवलेल्या पाण्याच्या बाटल्या, खाली मोजपात्र. आशाताईच बाळंतीण होते, कारण बाळंतीण कशी घाबरते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तिची ‘सासू’ फक्त पावरीत बोलते. वैद्यकीय अधिकारी आपल्या केंद्रात, फोनवर. औषध निर्माण अधिकारी भांडारात, फोनवर. गाडीचा चालक घाटात, फोनवर. तालीम घेणारी व्यक्ती नंदुरबारात, व्हिडिओवर.

नेहमीचा फोन कसा असतो? “सर, पेशंट जरा बरोबर वाटत नाही.” “काय झालं?” “ब्लीडिंग आहे, सर.” “किती?” “जास्तच आहे.” यात मिनिट गेलं. तालमीत हाच फोन पुन्हा करायचा: “सर, उपकेंद्रातून बोलतेय. बाई २४ वर्षांची, दुसरं बाळंतपण, वीस मिनिटांपूर्वी झालं. झाल्याबरोबर ऑक्सिटोसिन दहा युनिट दिलं. आत्तापर्यंत सहाशे मिली गेलंय, नाडी १२०, बीपी ९० वर ६०. गर्भपिशवी मऊ लागतेय. मसाज चालू आहे. मला वाटतं पुढची औषधं सुरू करून गाडी बोलवावी.” शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड असतं. सरांना विचारण्याची सवय असते. सरांना सुचवण्याची नसते. आणि सर काय म्हणतात? “ट्रॅनेक्झॅमिक एक ग्रॅम, शिरेतून, सावकाश दहा मिनिटांत.” यावर “हो सर” चालणार नाही. “ट्रॅनेक्झॅमिक एक ग्रॅम, शिरेतून, दहा मिनिटांत, सुरू करते,” असं परत म्हणायचं, म्हणजे चुकीचं ऐकलं असेल तर तिथल्या तिथे कळतं.

आणि आता फोन तोडायचा. मुद्दाम. तालीम घेणाऱ्याने न सांगता तोडायचा. पलीकडे सर “हॅलो, हॅलो” करत राहतील, अलीकडे सिस्टरच्या हातात अॅम्प्यूल असेल. रेंज येईपर्यंत काय करायचं, कोणी बाहेर टेकाडावर जाऊन फोन लावायचा, डॉक्टरांनी आधी काय ठरवून द्यायचं की फोन तुटला तरी हात थांबणार नाहीत, हे त्या दोन मिनिटांत ठरतं. शहरातल्या ऑनलाइन सिम्युलेशनमध्ये नेटवर्क गेलं तर सत्र रद्द होतं. सातपुड्यात नेटवर्क जाणं हाच धडा आहे. ते वगळलं तर आपण टेनेरिफच्या कॅप्टनसारखाच सराव करतो आहोत: परवानगी लगेच मिळणार, आवाज स्पष्ट येणार, असं धरून.

फार्मासिस्टचं यात काय काम, असं विचारणारा भेटतोच. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. मे महिन्यात खानदेशात पारा चाळिशी पार करतो, वीज जाते, फ्रिज बंद पडतो. अॅम्प्यूल दिसायला तशीच राहते, आतल्या औषधाचा जोर मात्र ओसरतो. डॉक्टर म्हणतात डोस दिला, सिस्टर म्हणते डोस दिला, आणि गर्भाशय काही घट्ट होत नाही. अशा वेळी फोनवर कोणीतरी विचारायला हवं, “ही अॅम्प्यूल कुठल्या फ्रिजमधली?” आणि हेही सांगायला हवं की मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, त्या काढा. हे वाक्य फार्मासिस्टचं आहे. लोणखेड्याच्या वर्गात पडद्यावरच्या प्रयोगांतून औषधाची मात्रा आणि परिणाम शिकलेल्या मुलाला या वाक्यामागचं शास्त्र येतं. ते मोठ्याने, योग्य वेळी, डॉक्टरला सांगायची संधी त्याला शिक्षणाच्या चार वर्षांत मिळत नाही.

भाषेचंही तसंच. ‘सासू’ पावरीत म्हणते की हिला झोळीत घालू नका, आधी घरी विचारून येते. ते कळायला आणि दोन वाक्यांत पटवायला वेळ लागतो. तालमीत तो वेळ घड्याळावर मोजला की मराठीतल्या, तेही पुस्तकी मराठीतल्या, माहितीपत्रकांची मर्यादा लक्षात येते. पावरी बोलणारा फार्मसीचा विद्यार्थी इथे दुभाष्याहून जास्त उपयोगी पडेल, कारण त्याला औषधही समजतं.

तालीम दहा-बारा मिनिटांची. त्यानंतरची चर्चा तिच्या दुप्पट. पहिला नियम: कोणाचीही खरडपट्टी नाही. आपल्या खात्यांत हे जमवणं बाहुली विकत घेण्यापेक्षा कठीण आहे. सत्र रेकॉर्ड करून वरिष्ठांना पाठवलं, तर पुढच्या वेळी सगळे पाठांतर करून येतील आणि कोणी काही सुचवणार नाही. म्हणून रेकॉर्डिंग करू नये, निदान सुरुवातीला तरी. आणि चर्चेत पहिलं बोलणं आशाताईचं असावं, शेवटचं डॉक्टरांचं. उलट क्रम लावला की डॉक्टरांच्या मताला बाकीचे माना डोलावतात.

महागड्या आभासी चष्म्यांबद्दल आणि लाखो रुपयांच्या बोलक्या बाहुल्यांबद्दल मी इथे काही लिहिलं नाही, ते जाणूनबुजून. त्यांचा उपयोग आहे, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत तर आहेच. पण धडगावच्या घाटात लागणारी तालीम मोजा, कुंकवाचं पाणी आणि पाच फोन यांत होते. अडतं ते वेगवेगळ्या आस्थापनांच्या माणसांना एका वेळी अर्धा तास मोकळं करण्यापाशी.

१७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन आणि २५ सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन. या दोन तारखांना फार्मसी आणि नर्सिंग कॉलेजांत रॅली, पोस्टर आणि रांगोळी स्पर्धा होतात. शहादा, तळोदा, नंदुरबार इथल्या प्राचार्यांना विनंती आहे की या वर्षी रांगोळी राहू द्या, पण त्याच दिवशी जवळच्या एका उपकेंद्राला आणि एका वैद्यकीय अधिकाऱ्याला फोनवर घेऊन अशी एक तालीम करा, आणि मध्येच फोन तोडायला विसरू नका.